मुरलेलं लोखंड

तिने लहान हातोडीने इंजिनच्या ठोकळ्यावर टकटक केली आणि कान जवळ नेला. आवाज खणखणीत आला. कुठे चीर नव्हती.

भिंतीपाशी दोन कोरे ठोकळे पडले होते. कारखान्यातून थेट आलेले, आणि शर्यतीच्या दाबाने चाचणीतच तडकलेले. इंजिन रस्त्यावरच्या गाडीचंच हवं, असा शर्यतीचा नियम होता. हा तिसराही तडकला तर गाडी शर्यतीतून बाद, आणि तिची मिस्त्रीगिरीही.

"टॅक्सीचं भंगार घेऊन पळायचं?" शर्यतीच्या गाडीचे मालक म्हणाले. "लोक हसतील, मिस्त्रीबाई."

"नवं लोखंड तापलं की आतून ताणलं जातं, मालक. हे तीन लाख किलोमीटर तापून, निवून मुरलंय."

"मुरायला लोणचं आहे का ते?"

दाराशी उभे असलेले तिचे वडील हसले नाहीत. टॅक्सी त्यांची होती. लेकीला शाळेत सोडायला ते याच टॅक्सीतून जात आणि एक कोपरा अलीकडेच थांबत. तसं तिनेच सांगितलं होतं. कामाच्या जागी तिने त्यांना आज पहिल्यांदाच बोलावलं होतं.

आठवडाभराने जोडणी झाली. इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर चढलं, सुरू झालं.

"दाबा आता," मालक म्हणाले.

"थांब गं," वडील मागून म्हणाले. "आधी जाग येऊ दे त्याला. उठल्या उठल्या कुणी पळतं का?"

तिने हात मागे घेतला. इंजिन नीट तापू दिलं. मग तिने जोर वाढवला, तसा दाबाचा काटा चढू लागला. पहिले दोन ठोकळे जिथे तडकले होते, ती खूण त्याने ओलांडली. तासभर तो तिथून खाली आला नाही.

मालकांनी कानातले बोळे काढले.

"काका, आणखी एखादी टॅक्सी आहे का हो घरी?" त्यांनी वडिलांना विचारलं.

शर्यतीच्या सकाळी ती वडिलांना स्वतःच्या गाडीतून घेऊन निघाली. मैदानाचं फाटक दिसलं, तसा वडिलांनी दाराच्या कडीला हात घातला.

"इथेच सोड. जातो मी चालत."

तिने ब्रेक दाबला नाही. गाडी थेट फाटकाशी नेली. पहारेकऱ्याने तिचा पास पाहिला, मग आत वाकून विचारलं,

"आणि हे कोण?"

"इंजिन यांचं आहे," ती म्हणाली.

वडिलांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.