इंचसाहेबांची जाड गोळी

इंचसाहेबांचं उभं आयुष्य पाणीपुरवठ्यात पाइप मागवण्यात गेलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली, तेव्हा सरकारने त्यांना उचलून वनखात्याच्या शस्त्रभांडारावर नेऊन बसवलं. आता बोला! पण साहेब डगमगणारे नव्हेत. पाइप काय नि बंदूक काय, शेवटी नळीच ती, आणि नळी जितकी रुंद तितका जोर जास्त, असं त्यांनी पक्कं ठरवून टाकलं.

त्यात त्यांची एकुलती एक लेक जंगलातल्या चौकीवर वनरक्षक. तिकडे शिकाऱ्यांच्या टोळ्या माजलेल्या, त्यामुळे साहेबांच्या जिवाला सतत घोर. एके दिवशी भांडाराच्या जमादाराने त्यांच्या टेबलावर दोन काडतुसं उभी केली. एक पिस्तुलाचं, नऊ मिलिमीटरचं, बुटकं आणि गुबगुबीत. दुसरं रायफलीचं, चांगलं उंच, पण टोकाची गोळी पेन्सिलीसारखी, जेमतेम साडेपाच मिलिमीटर.

"ही काडी घेऊन माझी पोर शिकाऱ्यांपुढे उभी राहते?" साहेब कडाडले. "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

जमादाराच्या तोंडून "पण साहेब" एवढं निघालं. साहेबांनी भुवई चढवली, तसं ते बिचारं 'पण' आल्या वाटेने परत गेलं. जमादारालाही सुखाने निवृत्त व्हायचं होतं.

खरेदी समितीत तर आनंदीआनंद. तिथे सिनेमाबाहेरची बंदूक कुणी पाहिलेली नव्हती. साडेपाचापेक्षा नऊ मोठे, एवढं गणित मात्र सगळ्यांना येत होतं. चहा यायच्या आत ठराव मंजूर! सगळ्या चौक्यांना एकच माप, नऊ. रायफलींची जुनी काडतुसं परत मागवली. नवी पहिली पेटी साहेबांनी लेकीच्या चौकीवर धाडली आणि बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले.

आठवडाभराने लेकीचा फोन आला.

"बाबा, तुमच्या ऑफिसातला तो दीडशहाणा कोण हो? रायफलींना पिस्तुलाच्या गोळ्या पाठवल्यात. आत शिरत नाहीत मेल्या!"

"अगं, पण चांगल्या जाड आहेत ना?"

"जाडी काय चाटायचीय? जोर दारूत असतो, बाबा! पिस्तुलाचं काडतूस आखूड, त्यात दारू चिमूटभर. ते जवळच्या माणसासाठी. रायफलीची गोळी बारीक, पण तिच्यामागचं नळकांडं लांब, दारूने गच्च भरलेलं. म्हणून ती ओढ्यापलीकडे पोचते. भरतीच्या पहिल्या दिवशी शिकवतात हे."

साहेब खुर्चीवरून उठले. "मग... तुम्ही सध्या काय करता?"

"काय करणार? रिकाम्या रायफली घेऊन हिंडतो. काल टोळी ओढ्यापर्यंत आली होती. आम्ही नुसता नेम धरून उभे. ते पळाले म्हणून वाचलो."

"चौकशी समिती नेमतो" हे वाक्य सवयीने साहेबांच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्यांनी गिळलं. लेकीला आपण मरणाच्या तोंडी दिलं, या विचाराने त्यांना रडू फुटायचं बाकी होतं.

"तो दीडशहाणा मीच गं," ते म्हणाले. "जुन्या पेट्या घेऊन आत्ता निघतो."

साहेबांना वाटलं, आता ही आपल्याला चांगली फैलावर घेणार.

"लवकर या, बाबा," ती म्हणाली. "काल मी खूप घाबरले होते."