इन्सुलिनचं पान

दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांवर कुंड्या, कुंड्यांत सॅलडची हिरवीगार पानं, आणि मधोमध पानवाले महाराज गात होते. गळा इतका गोड, की हरिकथेत भरून येतात तसे माझे डोळे भरून आले.

"माणसाचं जनुक मी या रोपात उतरवलंय! पान खा, इन्सुलिन पोटात! सुया फेका, मायबाप!"

प्रत्येक रुग्णाने आधी मुठीत द्राक्षं चिरडायची. "हा तुमचा आजार! चिरडा!" लगेच बोटाला सुई. यंत्रावर साखर तीनशे ऐंशी. मग सुगंधी पाण्याने हात धुवायचे, पान चावायचं, अर्धा तास भजन. पुन्हा सुई. एकशे चाळीस! टाळ्यांचा कडकडाट.

माझ्यासोबत आलेली माझी ताई तिथेच रडू लागली. तिच्या दहा वर्षांच्या मुलीला रोज इन्सुलिनची चार इंजेक्शनं लागत.

"मामा, आता खरंच सुई नाही?" भाचीने विचारलं.

"नाही गं, राणी." हे मीच म्हणालो.

घरी साखर तपासायची नाही, शंका घेतली की पान रुसतं, अशी महाराजांची ताकीद. आम्ही इंजेक्शनं बंद केली. तिसऱ्या दिवशी पोर ओकू लागली, धापा टाकू लागली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत शुद्ध हरपली होती.

वॉर्डातल्या सिस्टरनी खोदून खोदून विचारलं. "द्राक्षं? तपासायच्या आधी?" ड्युटी संपताच त्या माझ्याबरोबर दालनात आल्या. भर गर्दीत हात धुऊन स्वतःची साखर तपासली. शंभर. बोटांना द्राक्ष चोळलं. साडेतीनशे! पान न खाताच हात धुतले. पुन्हा शंभर.

"महाराज, साखर रक्तातली नाही, बोटावरची उतरतेय."

"बाई, तुमची श्रद्धा कमी पडते!"

"यंत्राला कुठली आलीय श्रद्धा?"

हशा पिकला. एक आजोबा मात्र अडून बसले. "पण रोपांत औषध बनतं, असं पेपरात वाचलंय मी."

"बनतं, आजोबा. जनुक बदलून बनवता येतं. पण ते रोपातून काढून, शुद्ध करून, मोजून द्यावं लागतं. इन्सुलिन असं नुसतं खाल्लं, तर पोटात पचून जातं. आणि या पानात ते आहे, हे तपासलंय कुणी?"

कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

भाची दुसऱ्या दिवशी गेली. ताई माझ्याशी बोलत नाही. तिने का बोलावं?

देवाचं नाव मी आजही घेतो. पण तपासू नका, असं जो सांगतो, त्याच्यासमोरून तडक उठा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकराचं इंजेक्शन एक दिवसही चुकवू नका.