साखरेच्या अकरा पुड्या

आधीच सांगून टाकते, प्रबल सरांच्या अहवालाखाली मी सही केलेली नाही. ऑफिसातून तीनदा फोन आला. एकदा गोड बोलून, दोनदा दरडावून. माझा करार संपायला नऊ दिवस राहिलेत. सही केली तर तो वाढणार, नाही केली तर घरी बसा म्हणतात. बसेन. घरी बसायला काय, मला घर आहे.

मी जुनू खड्का. काठमांडूहून आखातात जाणाऱ्या विमानांत सहा वर्षं काम करते. लोक हवाई सुंदरी म्हणतात. सुंदरी कसली डोंबलाची! दीडशे माणसांचा चहा, उलट्या आणि रडणं सांभाळते. माझा बाप याच विमानांतून चौदा वर्षं गेला-आला. त्यामुळे या लोकांशी कुणी ‘ए, बस खाली’ असं बोललं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. हे आमच्या कंपनीत सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणाला आवडत नाही.

त्या दिवशी पूस महिन्यातलं, ऐन थंडीतलं धुकं होतं. सकाळी सातचं सौदीतल्या दम्मामचं विमान साडेअकराला सुटलं. माणसं पहाटे तीनपासून विमानतळावर ताटकळलेली. चढताना एक जण आला, चाळिशीचा असेल. टोपी पांढरी, सदरा पांढरा, विजार पांढरी, पायात पांढरे कापडी बूट. प्रबल सर आमचे वरिष्ठ, दाराशी हात जोडून उभे होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, “हा कुठल्या टीमकडून खेळतो गं?”

एलिशा नवी आहे, ती हसली. मी हसले नाही. आई-बाप गेला की आमच्याकडे मुलगा वर्षभर पांढरं घालतो, चामड्याचा बूटसुद्धा पायात घालत नाही. त्या वर्षाला बर्खी म्हणतात. प्रबल राणांच्या घरी काय कुणी मरतच नाही?

त्याची जागा सतरा नंबरच्या रांगेत, वाटेच्या कडेला. मी पट्टा तपासताना, थोरल्या भावाला हाक मारतात तसं विचारलं, “दाइ, कोण गेलं?”

“आई. आज बाविसावा दिवस.”

“आणि लगेच निघालात?”

“रजा संपली, बहिनी. कंपनीला कुठं आई असते?”

नाव हुमनाथ पौडेल, गाव अर्घाखाँचीकडचं. शेजारी खिडकीशी डंबर नावाचा रोल्पाचा गडी होता, पहिल्यांदाच चाललेला, घाबरून गळ्यातला ताईत चाचपत बसलेला.

जेवण वाटायला लागलो. हुमनाथला कोंबडी चालणार नव्हतीच, म्हणून शाकाहारी ताट दिलं. त्यानं झाकण उघडून पाहिलं. पनीर, लोणी लावलेला पाव, वाटीत खीर. झाकण परत लावून त्यानं ते ताट माझ्याकडे दिलं.

“यात सगळ्यात दूध आहे ना? आई गेल्यावर वर्षभर दूध बंद.”

मला लाजल्यासारखं झालं. बाप गेला तर दही सोडायचं, आई गेली तर दूध, हे मला माहीत नव्हतं थोडंच? “थांबा दाइ, मागं काहीतरी बिनदुधाचं असेल. आणते,” म्हणाले.

आणि विसरले. एकाला उलटी झाली, एकाचा पट्टा निघेना, एक बाबाजी संडासाचं दार उघडेना म्हणून आत अडकले. कारणं पाहिजेत तेवढी आहेत, पण विसरले ते विसरले. नंतर चहा घेऊन गेले तेव्हा त्यानं कपावर हात ठेवला. चहाही दुधाचाच. तेव्हा तरी आठवायला हवं होतं. त्यानं पुन्हा मागितलं नाही. ही माणसं दुसऱ्यांदा मागत नाहीत, माझा बापही मागायचा नाही.

तासाभरानं एलिशा धावत आली. तिच्या ब्लाउजवर पाणी सांडलेलं.

“दिदी, तो पांढरा माणूस! मला ढकललं त्यानं. काहीही बडबडतोय. दारूचा वास येतोय नुसता.”

मी पोचेपर्यंत प्रबल सर तिथं होते. त्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्यानं हुमनाथचा उजवा हात खुर्चीच्या दांड्याला आवळला होता. हुमनाथ डोकं इकडून तिकडे फिरवत होता, जीभ जड झालेली, मधेच ओरडायचा, “गोठ्याचं दार लावा!” लोक माना उंचावून बघत होते. मागून कुणीतरी हसलं.

“झिंगलाय,” प्रबल सर म्हणाले. “कॅप्टनला सांगतो. दम्मामला उतरलं की पोलीस घेऊन जातील. तिकडं यांना बरोबर वठणीवर आणतात.”

वठणीवर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दारू प्यालेल्याला तिथं तुरुंग. नोकरी गेली, व्हिसा गेला, पुन्हा त्या देशात पाऊल नाही. पण माझं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे होतं. विमानात आम्हाला स्वेटर घालावेसे वाटत होते, आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मी कपाळाला हात लावला. घाम, आणि तोही थंडगार. त्याची बोटं थरथरत होती.

“सर, हा प्यालेला नाही. आजारी आहे.”

“वास येत नाही तुला?”

“येतोय. पण बर्खीतला माणूस आहे हा. पांढरं दिसत नाही?”

“पांढरं घातलं म्हणजे पीत नाही? माझ्या काकानं बापाच्या बर्खीत एक दिवस बाटली सोडली नव्हती.”

“तुमच्या काकांचं राहू द्या. ह्यानं दुधाचा चहा घेतला नाही माझ्या हातून. जो माणूस आईसाठी चहा सोडतो तो विमानात व्हिस्की पितो?”

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “जुनू, तुझी फाइल आधीच जाड आहे. मागं जा.”

मी मागं गेले नाही. मी डंबरकडे पाहिलं. तो खिडकीत इतका घुसला होता की अजून थोडा सरकला असता तर बाहेरच पडला असता.

“काय रे भाऊ, वास कुणाचा?”

“मला नाही माहीत.”

“खरं बोल. मी पोलीस नाही.”

त्यानं सरांची पाठ वळलेली पाहिली आणि अगदी हळू म्हणाला, “दिदी, बाटली माझी. भीती वाटत होती म्हणून दोन घोट... विमान हललं तेव्हा दाइंच्या अंगावर सांडली. सांगू नका हो. मला पण धरतील.”

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी! मी म्हटलं, “बाटली मला दे, कुणाला सांगत नाही. आणि आता एवढंच सांग, दाइंनी काही खाल्लं का?”

“काल रात्रीपासून नाही. पहाटे गोळी घेतली, म्हणाले साखरेची आहे, जेवणाआधीची. मग जेवण आलंच नाही.”

मधुमेहाची गोळी रक्तातली साखर उतरवते. पोटात काही नाही, ती उतरतच जाणार. माझ्या बापाचंही एकदा असंच झालं होतं, आई सांगते, कुंपणाला मिठी मारून गाणी म्हणत होता. वेळ गेली तर माणूस बेशुद्ध होतो, झटके येतात, आणि मग उठत नाही. आणि जेवण आणते म्हणणारी मी होते.

डॉक्टरसाठी मी स्वतःच घोषणा केली. कुणी उठलं नाही. औषधांच्या मोठ्या पेटीला सील, ती डॉक्टरशिवाय उघडायची नाही. पण साखरेला कुणाची परवानगी लागत नाही, ती चहाच्या खणात असते.

“एलिशा, साखर आण. मूठभर पुड्या. आणि कोमट पाणी.”

ती आली ती आंब्याचं गोड दूध घेऊन. “दिदी, हे लवकर चढेल ना?”

“दूध नको, साखर आण.”

“जीव चाललाय त्याचा आणि तुम्ही...”

“साखर नसती तर हेच ओतलं असतं त्याच्या तोंडात, पाप माझ्या डोक्यावर घेऊन. पण साखर आहे ना? खणभर आहे. पळ!”

मी कात्रीनं पट्टा कापला. सर वळले. “काय करतेस? बांधलेल्या प्रवाशाला सोडायचं नाही, नियम माहीत नाही तुला?”

“बांधलेल्याला नीट बसवता येत नाही आणि गिळता येत नाही. हा मेला तर नियम खांदा देणार आहे का?”

“आणि याची साखर आधीच वाढलेली असली तर? तू अजून घालून मारशील!”

याचं उत्तर मला पाठ होतं. आम्हाला शिकवायला बज्राचार्य मिस होत्या, सैन्याच्या इस्पितळातल्या जुन्या नर्स. त्या म्हणायच्या, साखर वाढलेल्याला चमचाभर अजून दिलीस तर तो डॉक्टरपर्यंत पोचेल. उतरलेल्याला दिली नाहीस तर नाही पोचणार. मी ते सरांना शब्दाशब्दानं ऐकवलं.

हुमनाथला सरळ बसवलं. डंबरनं पाठीमागून धरलं. एकदम पाणी पाजायचं नाही, ठसका लागून छातीत जातं. मी साखर ओली करून बोटावर घेतली आणि गालाच्या आतून चोळली. त्यानं कचकन चावलं माझं बोट. देवा रे! डोळ्यांसमोर काजवे चमकले. खूण अजून आहे, बघा. पण चावणारा माणूस जिवंत असतो. मी दुसरं बोट घातलं.

“गिळा दाइ. गिळा. मी तुमची बहीण आहे, गिळा.”

त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. मग घोट घोट साखरपाणी. चार पुड्या झाल्या. मी घड्याळ बघत होते आणि सर कॉकपिटला जोडलेल्या फोनकडे निघाले होते. कॅप्टनशी अशा वेळी फक्त वरिष्ठांनी बोलायचं असतं. मी एलिशाच्या हातात कप दिला आणि सरांच्या आधी फोन उचलला.

“कॅप्टन सर, जुनू बोलतेय. सतरामधला प्रवासी. प्रबल सर सांगतील प्यालाय. मी सांगते, साखर उतरलीय. दोन्ही ऐका, पण खाली डॉक्टर बोलवा.”

मग कॅप्टन गुरुंग म्हणाले, “प्रबलला दे.” सरांचं ऐकून झाल्यावरचा त्यांचा आवाज मलाही ऐकू आला, “बरं, दोघांनाही बोलावतो. पोलीस पण, डॉक्टर पण.”

सर माझ्याकडे बघून म्हणाले, “तू संपलीस.”

“बरं,” म्हटलं, आणि परत गेले.

पंधरा मिनिटं झाली. थरथर थांबेना. अजून चार पुड्या. आता मागं कुणी हसत नव्हतं. एका म्हाताऱ्यानं स्वतःची शाल काढून दिली. मग हुमनाथनं डोळे उघडले. या खेपेला त्या डोळ्यांत माणूस होता. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, मनगटावरच्या लाल वळाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कपाकडे. आणि पहिला शब्द काय निघाला तोंडातून?

“दूध?”

“नाही दाइ. साखर आणि पाणी. दुधाचा थेंबसुद्धा नाही.”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बाविसाव्या दिवशी, सगळ्या विमानासमोर, लहान पोरासारखा रडला. मीही रडले. रडले तर रडले.

गोळीचा असर लवकर जात नाही, म्हणून त्याला खायला घालणं भाग होतं. डंबरच्या आईनं बांधून दिलेला भाजलेला मका आणि चिउरा, म्हणजे कोरडे पोहे, निघाले. हुमनाथ संकोचला, परक्याच्या घरचं कसं खायचं. मी म्हटलं, “खा गुमान, नाहीतर पुन्हा बोट घालीन.” तो खायला लागला.

दम्मामला दोन पोलीस आणि पेटीवाला एक डॉक्टर आत आले. प्रबल सर पुढं होऊन म्हणाले, “दारू प्यालेला, दंगा केलाय.” मी वाटेत उभी राहिले. “आधी बोट टोचा. मग कुणाला न्यायचं ते न्या.”

डॉक्टरनं टोचलं. यंत्राकडे पाहिलं. मला विचारलं, “किती साखर दिली?”

“तोवर आठ पुड्या. उतरताना अजून तीन. आणि मका, चिउरा.”

“एवढं देऊन साखर अठ्ठावन्न आहे, सत्तरच्या वर हवी,” तो म्हणाला, आणि पोलिसांना हातानंच जा म्हणून खुणावलं. स्ट्रेचर आलं. जाताना हुमनाथनं पांढरी टोपी नीट केली आणि मला नमस्कार केला. मला तो घेववला नाही, कारण मला मी न आणलेलं ताट आठवत होतं.

परत काठमांडूला आल्यावर प्रबल सरांनी अहवाल समोर ठेवला. प्रवासी मद्यधुंद, कर्मचाऱ्यांनी परिस्थिती काबूत आणली, प्रवाशाला कंपनीच्या विमानात पुन्हा घेऊ नये. खाली माझ्या सहीची रेघ.

“डॉक्टरचं लिहिलं नाहीत?”

“ते त्यांच्या कागदात असेल. हे बघ जुनू,” सर आता समजुतीनं बोलत होते, “जेवण द्यायला विसरलीस हे तूच मला सांगितलंस. तो प्यालेला होता म्हटलं तर तुझी चूक कुणी विचारत नाही. माझं पण निभावतं, तुझं पण.”

खरं सांगते, एक क्षण पेन हातात घट्ट धरलं मी. सहा वर्षांची नोकरी आहे. पण हुमनाथचं नाव त्या कागदावर, मद्यधुंद या शब्दाशेजारी, कायमचं? ज्यानं शुद्धीवर येताच आधी कपात दूध तर नाही ना विचारलं त्याचं?

मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथं लिहिलं, “प्रवासी प्यायलेला नव्हता, उपाशी होता. त्यानं जेवण मागितलं होतं. मी आणते म्हणाले आणि विसरले.” आणि त्याखाली सही केली, पूर्ण नावानं.