घरचा कान

सलूनवाल्याच्या पोटात दुखायला लागलं ते लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, भर दुपारी, थेटरात, बायको शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असताना. दुखण्याचं कारण एक परका पुरुष होता. तो दिसत नव्हता, आणि सलूनवाल्याला ऐकूही येत नव्हता.

त्याची बायको हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर. शाळेत जायला लागल्यावर एका आजारात तिचे डोळे गेले, तेव्हापासून तिचा सगळा कारभार कानांवर. दिवसभर रिसीव्हर डाव्या कानाला. घरी आली की नवऱ्याला उजव्या हाताला बसवायची. "तो कान नोकरीचा, दमलेला असतो," ती म्हणायची. "हा घरचा." घरचा कान सलूनवाल्याने आपल्या मालकीचाच धरला होता.

सलूनला सुट्टी असेल त्या दिवशी दोघं दुपारचा खेळ गाठत. मागची, कोपऱ्यातली जागा, म्हणजे लोकांच्या शिव्या कमी. तो उजवीकडे बसून तिच्या कानात कुजबुजत सिनेमा सांगायचा. सांगायचा म्हणजे काय, गोष्ट मिळमिळीत असली तर बिनधास्त पदरचं घालायचा. एकदा उत्साहाच्या भरात त्याने व्हिलनला मध्यंतराआधीच मारून टाकलं. नंतर तो पडद्यावर बोलायला लागल्यावर त्याला जुळा भाऊ द्यावा लागला. एक मात्र तो कटाक्षाने टाळायचा. डोंगर, आभाळ, रंग यांचं नावही काढायचा नाही. जे गेलं त्याची आठवण करून देऊन तिला कशाला रडवायचं, असा त्याचा हिशेब.

मग तो सिनेमा आला. अंतराळयानं, दुसरे ग्रह, सगळं शहर वेडं झालेलं. सलूनच्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण साबणाच्या फेसातून तेच बोलायचा: डोळ्यांचं पारणं फिटतं, गोष्टीचं तेवढं विचारू नका. त्यातच मेहुणी बातमी घेऊन आली. थेटरात आता न दिसणाऱ्यांसाठी हेडफोन मिळतात, पडद्यावर काय दिसतंय ते एक माणूस त्यातून सांगत राहतो.

"भावोजी, आता तुमच्या घशाला आराम," मेहुणी म्हणाली.

"गोष्टच नाही म्हणतात त्यात," सलूनवाला म्हणाला. "तो बिचारा सांगणार काय?" मध्यंतरापर्यंत बायको कंटाळून आपल्याकडे वळणार, याची त्याला खात्री होती.

मेहुणीही सोबत आली. सिनेमा सुरू झाला आणि बायकोने हेडफोनने दोन्ही कान झाकून घेतले. सलूनवाला पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता. पडद्यावर एका शहराच्या डोक्यावर अख्खा समुद्र उलटा टांगलेला होता आणि त्यातून यानं खाली येत होती. तिचे ओठ विलग झाले होते. एका हाताने तिने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. आपल्या सांगण्यावर तिने असा दांडा कधी धरला होता, ते त्याला आठवेना. तो वाकून म्हणाला, "आता बघ, तो कॅप्टन..."

"शू," ती म्हणाली.

लोकांनी त्याला पुष्कळदा गप्प केलं होतं. तिने कधीच नाही. ते 'शू' त्याला चांगलंच झोंबलं.

मध्यंतरात तिने हेडफोन काढला तरी चेहरा अजून तिकडेच होता. "काय आवाज आहे हो," ती म्हणाली. "घाई नाही, दमणं नाही. आमच्या बोर्डावर दिवसभरात असा एकही येत नाही."

"तरुण आहे का?" त्याने जमेल तितक्या सहज विचारलं.

"असेल. सर्दी झालेली नाही, एवढं नक्की."

सलूनवाल्याला त्या क्षणी नेमकी सर्दी होती.

बहिणी बहिणी हात धुवायला गेल्या आणि हेडफोन त्याच्या मांडीवर राहिला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मागचं झाकण नखाने उघडलं, सेल काढला आणि शर्टाच्या खिशात, कंगव्याशेजारी टाकला. लाज वाटली. पण जळफळाट लाजेपेक्षा मोठा होता.

"अहो, हे बंद पडलंय," परत आल्यावर ती म्हणाली.

"पडणारच. यंत्र ते." तो लगेच घरच्या कानाशी वाकला. "सांगतो मी."

पडद्यावर कॅप्टन नुसता तरंगत होता. कुठे चाललाय, कशासाठी, कुणालाच पत्ता नव्हता. सलूनवाल्याने त्याला घरी वाट बघणारी एक मुलगी दिली. दगाबाज मित्र दिला. गाडी अशी झकास सुटली होती, तेवढ्यात तिने विचारलं, "समुद्र कुठे गेला?"

"कुठला समुद्र?"

"डोक्यावरचा. मघाशी जांभळा होत चालला होता. आता कसा आहे?"

त्याने वर पाहिलं. समुद्र पेटल्यासारखा झाला होता आणि कडेने भलताच काहीतरी हिरवा. "निळा," तो म्हणाला. "म्हणजे निळसर." गिऱ्हाइकाच्या केसांना काळ्याच्या किती तरी छटा लावणारा माणूस, पण त्याची जीभ तिथेच अडकली.

"निळसर म्हणजे कसा?"

"अगं, रंगांचं बोललं की तुला वाईट वाटेल, म्हणून मी कधी..."

"मला जांभळा आठवतो," ती म्हणाली. "माझा फ्रॉक होता तसा. डोळे गेल्यापासून घरात कुणी माझ्यासमोर रंगाचं नाव काढत नाही. तुम्हीसुद्धा नाही. त्याने काढलं."

आता मात्र तो आतून पार करपला. आवाजाचं एक वेळ चाललं असतं. पण या परक्याने तिला जांभळा रंग परत दिला होता, आणि तो देणं इतकी वर्षं आपल्या हातात होतं. त्याने खिशातून सेल काढला, जागेवर बसवला आणि हेडफोन तिच्या हातात दिला.

"चालू झालं," तो म्हणाला.

"सेल कंगव्याला घासला," ती म्हणाली. "खिशात होता ना?"

"हो."

तिने हेडफोन चढवला आणि मान समोर केली. मेहुणीने भावोजींकडे असं पाहिलं की त्यांनी वेफर्सच्या पिशवीत तोंड घातलं. पडद्यावर एक ग्रह काचेसारखा फुटला, मग दुसरा फुटला. थेटर 'आहा' म्हणालं. सलूनवाल्याला वाटलं, संपला आपला खेळ.

बऱ्याच वेळाने तिची कोपरखळी बसली.

"अहो."

"काय?"

"हा दाखवतो फार सुंदर. पण पुढे काही घडतच नाही. त्या कॅप्टनच्या मुलीचं काय झालं?"

"ती सिनेमात नाहीये गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मीच घातली."

"माहीत आहे. व्हिलनला जुळा भाऊ झाला तेव्हापासून माहीत आहे. पुढे सांगा."

त्याने पाहिलं. हेडफोनची डावी वाटी नोकरीच्या कानावर घट्ट बसली होती. उजवी तिने मागे सरकवली होती.

तो वाकला. घसा खाकरला. पडद्यावर तेव्हा नुसता धूर होता.

"मुलगी दारात उभी आहे," तो म्हणाला. "जांभळा फ्रॉक घातलाय तिने."