भाऱ्यासकट अंबुबाई

मित्रांनो, मी तागडी आहे, आणि चांगली जुनी आहे. वय विचाराल तर नेमकं सांगता येणार नाही. निपाणीच्या गल्लोगल्ली तंबाखूचा वास कोंदलेला असायचा तेव्हा मी ऐन भरात होते, एवढ्यावरून काय ते समजा. माझी लोखंडी दांडी पुरुषभर लांब. दोन्ही टोकांना साखळ्यांनी टांगलेली फळ्यांची पारडी, आणि पारडं एवढं ऐसपैस की माणसाने खुशाल मांडी घालून बसावं. मधोमध माझा काटा. तो सरळ उभा राहिला की वजन बरोबर, मग तिथे कुणाचीही शिफारस चालत नाही. किराणा दुकानातल्या चिमुकल्या तराजूंनी मला ताई म्हणून हाक मारू नये, एवढीच माझी अपेक्षा असते. हसू नका. मोठं काम केलेल्याला थोडा तोरा असायचाच.

बेळगावच्या एका लोहाराने मला घडवलं. कितीदा तापवलं आणि कितीदा ठोकलं, त्याची आठवण आली की अजून अंग दुखतं. तिथून बैलगाडीतून मी निपाणीला आले, पद्मराज अण्णांच्या वडिलांच्या वखारीत. तंबाखूचे बोद, म्हणजे गोणपाटात शिवलेले मोठाले गठ्ठे, बायका डोक्यावरून आणायच्या आणि माझ्या पारड्यात टाकायच्या. दिवसाला शंभर-शंभर बोद मी तोलले. शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचे डोळे माझ्या काट्यावर. "तागडी खोटं बोलायची न्हाय," असं दोघेही म्हणायचे. मला आणखी काय हवं होतं?

पण एक दिवस लाल आकडे दाखवणारं वजनाचं यंत्र आलं. त्याला ना दांडी, ना साखळी. बटण दाबलं की काम झालं. मला उचलून कोपऱ्यात टाकलं. दांडीवर गंज चढला, साखळ्यांना कोळिष्टकं लागली. एका मांजरीने माझ्या पारड्यात चार पिल्लं घातली. मी ती पिल्लंही तोलली, मित्रांनो! सवय कुठली जायला?

पुढे तंबाखूचा व्यापारही आटला आणि अण्णांनी वखार पाडायला काढली. छपराचे अँगल, पाइप, पत्रे यांचा अंगणात हा एवढा ढीग पडला. त्याच ढिगाऱ्याला टेकवून मलाही ठेवलं होतं. भंगारवाला दोन दिवसांत येणार होता. मी मनातून खचले होते, खोटं कशाला बोलू?

अशात राजमती आक्का आल्या. आक्का म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. पीठगिरणीच्या माडीवर एका खोलीत त्यांची 'सुगी महिला संस्था' चालते. संकेश्वरकडच्या एका गावात अकरा शेतकरी बायका मिळून मिरची पिकवतात, त्यांच्या पाठीशी ही संस्था उभी आहे. मिरची रानात चांगली येते हो, अडतं ते वाळवण्यात. गेल्या वर्षी माळावर वाळत घातलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला आणि लालभडक मिरची काळी पडून कुजली. वर्षाची मेहनत बायकांना खड्ड्यात पुरावी लागली. यंदाही तसंच झालं, तर निम्म्याजणी मिरचीचा नाद सोडून दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणार होत्या. म्हणून आक्कांनी मिरची वाळवायला पक्की शेड बांधायची असं मनावर घेतलं होतं.

त्यासाठी त्या महिनाभर निपाणीत दारोदार फिरल्या. चहा तर एवढा प्याल्या की रात्री झोप येईना. पण माणसंही पावली. कुणी सिमेंट दिलं, कुणी वाळूची ट्रॉली, कुणी प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे. मष्णू वेल्डरने मजुरी घेणार नाही असं सांगितलं. राहिलं होतं फक्त लोखंड. "सहा क्विंटल लागंल आक्का, त्याच्या खाली भागत न्हाय," मष्णूने मोजमाप घेऊन सांगितलं होतं. आणि तोडणीला उरले होते सहा आठवडे.

अण्णा कंजूस नव्हते, पण हट्टी होते. आक्कांनी लोखंड मागितलं तेव्हा त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आक्का, लोखंड देतो. पण माझ्या वडलांच्या वखारीतनं न तोलता काय भाईर गेलेलं न्हाय. लोक गुळाची तुला करत्यात न्हवं? आपण लोखंडाची करू. तुमच्या शेतकरी बायका ह्या तागडीत बसवा. एकेकीच्या वजनाएवढं लोखंड माझं. वर एक खिळा मिळायचा न्हाय."

आक्कांनी मनात झरझर आकडेमोड केली आणि खुशीत म्हणाल्या, "ठरलं अण्णा!" इथेच बाईंची गफलत झाली. त्यांनी अकरा बायकांचं वजन स्वतःच्या वजनावरून धरलं, आणि आक्का अंगाने चांगल्या भरलेल्या! दिवसभर उन्हात वाकणाऱ्या बाईच्या अंगावर किती मांस राहतं, हा विचार त्यांना शिवलाच नाही.

रविवारी दुपारी त्या बायकांच्या गावात, शाळेच्या पटांगणात मला टांगलं आणि शेजारी लोखंडाचा ढीग ओतला. मष्णूने घासून घासून माझा गंज काढला, कड्यांना तेल घातलं. किती वर्षांनी! माझा काटा मोकळेपणाने हलला तेव्हा मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. सगळा गाव लोटला होता. आजवर तुलेत बसायचे ते स्वामी नाहीतर पुढारी. आज बायका बसणार, म्हणून पोरंटोरं झाडावर चढली होती.

एकेक बाई लाजत, पदर सावरत पारड्यात बसू लागली. मष्णू दुसऱ्या पारड्यात आधीच तोलून किलो लिहिलेले अँगल चढवायचा आणि काटा सरळ झाला की मोठ्याने ओरडायचा, "सेहेचाळीस!", "चव्वेचाळीस!" एकीचे एक्कावन्न भरले तर तिलाच जास्त टाळ्या पडल्या. पण माझ्या लक्षात येत होतं. वजन कमी पडत होतं, मित्रांनो. आक्कांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांचं हसू हळूहळू मावळत चाललं होतं.

दहावी बसली ती जयाबाई. ती बसली आणि मी चपापले. एवढीशी बाई, आणि वजन सत्तावन्न? तिच्या ओटीत दगड होते. माणसाचं वजन कुठलं आणि दगडाचं कुठलं, ते मला ओळखता येतं, पण बोलता कुठे येतं? अण्णांनी मात्र चाळीस वर्षं वजनं बघण्यात घालवली होती. ते उठले.

"जयाबाई, जरा उभी ऱ्हा बगू."

ती उभी राहिली आणि दगड धडाधड खाली पडले. गाव खो-खो हसला. जयाबाईने तोंड पदरात लपवलं. अण्णा मात्र तापले. "असली लबाडी करायची असंल तर मी चाललो घरला. तागडीची तरी लाज धरा!" आक्कांनी हात जोडून त्यांना कसंबसं खाली बसवलं. जयाबाईचं खरं वजन पंचेचाळीस भरलं.

"धा जणींचं मिळून चार क्विंटल पंच्याहत्तर," मष्णूने भिंतीवर खडूने लिहिलं. मग तो हळूच म्हणाला, "आक्का, आता एकटी अंबुबाई ऱ्हायली. सहा क्विंटल काय व्हईत न्हाय. निम्मीच शेड बांधू या."

"मग कुणाची मिरची आत आन् कुणाची भाईर, ते बी तूच सांग," आक्का म्हणाल्या.  

अंबुबाई साठी ओलांडलेली, काटक, काळीसावळी. बाकीच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. ही थेट उसाच्या फडातून आली होती. म्हशीसाठी आणलेला वाड्याचा भारा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा गठ्ठा, तिने शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. ती उठली, पण माझ्याकडे आली नाही. ती भाऱ्यापाशी गेली आणि डोक्यावर चुंबळ ठेवून म्हणाली, "अण्णा, जरा हात लावा."

आमच्या भागात भारा उचलायला कुणी हात लाव म्हटलं, तर नाही म्हणायची पद्धत नाही. अण्णा सवयीने वाकले. भारा गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. अण्णांनी धोतर खोचलं, दुसऱ्यांदा जोर लावला, तेव्हा कुठे तो तिच्या डोक्यावर चढला. अण्णांना धाप लागली.

"हे रोज आणतीस?"

"रोज. म्हशीला काय रविवार असतोय व्हय?" असं म्हणून ती भाऱ्यासकट माझ्याकडे चालू लागली.

"अगं, भारा ठेव की तितंच! बाईचं वजन करायचंय, वाड्याचं न्हवं."

अंबुबाई थांबली. मान ताठ, कारण डोक्यावर भारा. "अण्णा, बावीस वर्सं तुमच्या वखारीत बोद वाहिलं. ह्याच तागडीत आणून टाकलं. तवा तुमी बोद तोलला, मला कवा तोललं न्हाय. आज मला तोलायला बोलवलंय, तर पुरती तोला. शेतकरी बाई रिकाम्या डोक्यानं घरला आलेली कवा बघितलीसा? आमी एवढ्याच भरतो, अण्णा. भाऱ्यासकट."

 मी तर थरारले. या बाईचे हात माझ्या पारड्याला बावीस वर्षं लागले होते. हजारो बोद मी गुंजभर चूक न करता तोलले, आणि ते वाहून आणणारीचं वजन मला ठाऊकच नव्हतं! माझा सगळा तोरा त्या क्षणी उतरला.

अण्णांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. दोरीचे लाल वळ उठले होते. मग खणखणीत आवाजात ते म्हणाले, "मष्णू, बघत काय ऱ्हायलास? चढव लोखंड!"

अंबुबाई मांडी घालून बसली. माझा काटा सरळ उभा राहिला. बाई बेचाळीस, भारा एकतीस. "त्र्याहत्तर!" मष्णू असा ओरडला की झाडावरची पोरं घाबरून खाली उतरली. मग काय विचारता! बाकीच्या दहाजणी धावतच सुटल्या. कुणी जळणाची मोळी आणली, कुणी भरलेली घागर, कुणी गवताचा भारा. "रोज आणता तेवढंच आणा! दगड न्हाईत हां!" अण्णा ओरडले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती जयाबाई. तिसऱ्या भाऱ्यालाच सहा क्विंटल ओलांडले. शेवटी आकडा गेला सात क्विंटल अठ्ठ्याऐंशीवर! अण्णांनी प्रत्येकीच्या डोक्यावर स्वतः भारा चढवला आणि शेवटी कंबर धरून खाली बसले. आक्का एकाच वेळी हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. हलगी कुणी आणली कुणास ठाऊक, पण दिवस मावळेपर्यंत गाव नाचला.

शेड तोडणीच्या आधी उभी राहिली, तीही ठरली होती त्यापेक्षा मोठी. फेब्रुवारीत पुन्हा अवकाळी पाऊस आला. अकराजणी शेडच्या दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. आत त्यांची मिरची वाळत होती, लालभडक, एकही मिरची न भिजता. अंबुबाईने मूठभर मिरची उचलली आणि कानाजवळ नेऊन खुळखुळवली. "वाळली गं बायांनो!" असं ती ओरडली तेव्हा पत्र्यावरच्या पावसाचाही आवाज कुणाला ऐकू आला नाही.

अण्णांनी मलाही तिथेच ठेवलं. आता व्यापारी शेडवर येतात आणि मिरची माझ्या पारड्यात तोलून नेतात. बायका मला तेल घालतात, पावसाळ्यात गोणपाटाने झाकतात. मला काही कमी नाही.

म्हणून माझ्यासाठी मी काही मागत नाही, मित्रांनो. पण रस्त्याने जाताना एखादी बाई भाऱ्यापाशी उभी राहून वाटेकडे बघत असेल, तर तशीच पुढे जाऊ नका. सायकल बाजूला लावा आणि तिला हात लावा. तो भारा किती जड असतो, ते मी तोललेलं आहे.