डाव्या हाताच्या शेळ्या

रतनबाईने काळ्या शेळीचा कान धरला आणि तिला मेंढरांतून बाहेर ओढलं. शेळी पाय रोवून अडून राहिली, मग मुकाट डावीकडे गेली. मेंढरं कोंडायच्या जाळीबाहेर उभ्या असलेल्या केसरबाईने ते पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

दिवस कलला होता. लिंबागणेशच्या माळावर बोचरं वारं सुटलं होतं. केसरबाईला येऊन बराच वेळ झाला, तरी रतनबाईने पाणी विचारलं नव्हतं. दारात आलेल्या परक्यालाही आधी तांब्या दिला जातो, आणि या दोघी तर एकेकाळच्या शेजारणी.

रविवारी चर्चमध्ये पास्टरांनी न्यायाचा उतारा वाचला होता. शेवटच्या दिवशी प्रभू माणसं निवडणार, मेंढपाळ निवडतो तशी. मेंढरं उजवीकडे, शेळ्या डावीकडे, आणि डावीकडच्यांना आग. त्यांचा गुन्हा काय, तर तहानेल्याला पाणी दिलं नाही. केसरबाई चाळीस वर्षं हे ऐकत आली होती आणि दर वेळी स्वतःला खुशाल मेंढरांत धरत होती. या खेपेला पास्टर नेमके तहानेल्यापाशी थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि पुढे वाचू लागले. केसरबाईला रतनबाईची रिकामी घागर आठवली.

प्रार्थना संपल्यावर तिने पास्टरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, प्रभूची कृपा मोठी आहे, त्याने क्षमा केली म्हणाले. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रिकामी घागर घेऊन तिच्या दारातून प्रभू थोडाच परत गेला होता? गेली होती ती रतनबाई.

"रतनबाई," ती म्हणाली, "त्या टँकरच्या साली माझा ड्रम भरलेला व्हता. तुला रिकामा हाय म्हणले मी."

रतनबाईने आणखी एक शेळी ओढून काढली.

"ठाव हाय. ड्रमच्या बुडाशी गळतं पाणी चिमण्या पीत व्हत्या."

केसरबाईने जाळीचा खुंटा घट्ट धरला. त्याच दुपारी रतनबाईचा नवरा शहादेव दोर घेऊन पाण्यासाठी पडक्या विहिरीत उतरला होता. दगड निसटला आणि लोकांनी त्याला वर काढलं तेव्हा जीव उरला नव्हता. सुतकाच्या घरी केसरबाईने तीन दिवस भाकरी पोचवल्या होत्या. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, आणि तिने ते करू दिलं होतं. आता तिला त्या भाकरींचीच जास्त लाज वाटली.

"मग इतके दिस बोलली कावून न्हाईस?"

मेंढरांच्या पाठीवर हात टेकून रतनबाई उभी राहिली.

"घरी त्यांला बी तुझा ड्रम रिकामाच सांगितला मी. खरं सांगितलं असतं तर तुझ्या दारात भांडायला आले असते. हिरीत उतरले नसते."

केसरबाई क्षमा मागायला आली होती. शब्द घोकूनसुद्धा आणले होते. आता ते कुणी कुणाला म्हणायचे, हेच तिला कळेना. तिला रडू आलं. एका बाजूला कोंडलेल्या शेळ्यांकडे बघत तिने भलतंच विचारलं.

"ह्या रोज बाजूला काढतीस, कावून?"

"त्यांला थंडी सोसत न्हाई. मेंढराच्या अंगावर लोकर हाय, ते उघड्यावर निजतं. शेळीला छपरात घ्यावं लागतं."

रतनबाईने जाळी बांधली, शेळ्या हाकत छपराच्या दारापर्यंत नेल्या आणि एकेक करून आत सोडल्या. शेवटची शेळी आत गेली तरी तिने दार लावलं नाही. ते धरून ती तशीच उभी राहिली.

"मी काई इसरले न्हाई, केसर. पर गारठा लई हाय. आत ये."

केसरबाई वाकून आत शिरली. आत शेळ्यांची ऊब होती, लेंड्यांचा वास होता. एक शेळी तिच्या गुडघ्याला टेकून बसली. रतनबाईने कोपऱ्यातली घागर तिरपी केली, तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

केसरबाईने तांब्या दोन्ही हातांनी तोंडाला लावला. पहिला घोट हनुवटीवरून ओघळला.

"सांडू नको," रतनबाई म्हणाली. "लांबून आणलंय."