तेलाच्या दाबाचा काटा

“साहेब, तुमी खोटं बोलताय.”

म्हाळू एवढं बोलला आणि बंगल्याच्या पोर्चमध्ये चहाचे कप जिथल्या तिथं थांबले. उमापूर रस्त्यावरच्या त्या बंगल्यात साहेबांना तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. तिथं माणसं चपला पायरीखाली काढून येतात, बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरतात आणि ‘तुमचंच खरं’ म्हणून परत जातात. म्हाळूच्या पायात चपला होत्या. गडबडीत काढायच्या राहून गेल्या असतील, असं नंतर लोक म्हणाले. साफ खोटं. त्यानं मुद्दामच काढल्या नव्हत्या.

साहेब वेताच्या खुर्चीत बसले होते. साहेब म्हणजे कोण, हे गेवराईत कुणाला विचारावं लागत नाही. शाळा त्यांच्या, कॉलेज त्यांचं, पोरं वाहणाऱ्या अठरा पिवळ्या बसगाड्याही त्यांच्याच. शेजारच्या खुर्चीत लातूरचे केदारनाथ शेठ होते. धंदा कापडाचा, नाद जुन्या गाड्यांचा. खांबाला टेकून साहेबांचा मॅनेजर वीरेश उभा होता. आणि या सगळ्यांच्या समोर, पांढऱ्या फरशीवर, ज्या गाडीपायी हे चाललं होतं ती गाडी. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी विलायती स्पोर्ट्स कार. साहेबांच्या सासऱ्यांनी साठ वर्षांपूर्वी हैदराबादहून हौसेनं आणलेली. आता तिचं इंजिन जाम झालं होतं.

टीपॉयवर एक टाइप केलेला कागद होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर साहेबांनी स्वतःचं पेन ठेवलं होतं. कागदात लिहिलं होतं: ‘मी म्हाळू नाथा, राहणार तलवाडा, लिहून देतो की, सदर गाडीत नवीन मीटर बसवताना मी उलटी वायर जोडली. त्यामुळे तेलाचे मीटर चुकीचे दाखवू लागले व इंजिन जाम झाले. यात गाडीमालकाचा दोष नाही.’

खाली सहीपुरती जागा होती.

म्हाळू गेवराईच्या बायपासला गाड्यांचा वायरमन. पत्र्याचं शेड आणि वर हातानं रंगवलेली पाटी. बाप नाथा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ. म्हाळूला मेंढरांपेक्षा शेजारच्या ट्रॅक्टरचा डायनामो आवडला, आणि तो त्यातच गुंतला. आयटीआयचं दार त्यानं बाहेरूनही पाहिलेलं नाही. पण तीस वर्षांत त्या रस्त्यावरचा एकही ट्रक, जीप, ट्रॅक्टर असा नसेल ज्याच्या पोटात त्याचा हात गेला नाही.

महिन्यापूर्वी वीरेशनं ती लाल गाडी शेडपुढं आणून उभी केली. मागं एका खोक्यात तीन नवी गोल मीटरं होती: एक पाण्याच्या तापमानाचं, एक करंटचं, एक तेलाच्या दाबाचं.

“शेठ गाडी बघायला येणार हायेत,” वीरेश म्हणाला. “डॅशबोर्ड कसा भरलेला दिसला पायजे. कर पटपट.”

म्हाळूनं पटपट काही केलं नाही. डॅशबोर्डची फळी अक्रोडाच्या लाकडाची होती, साठ वर्षांची. तिला भोकं पाडायची त्याची छाती होईना. त्यानं पत्र्याची पट्टी कापली, तिला तीन गोल भोकं पाडली, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, काळा रंग दिला आणि फळीच्या खाली, मूळ स्क्रूलाच ती अशी लटकवली की उद्या काढून टाकली तरी लाकडावर ओरखडा दिसू नये. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्याला कळलंही नसतं.

आणि मग त्यानं चूक केली.

आपल्याकडच्या गाडीवर तीस वर्षं काम केलेल्या माणसाचा हात एकाच सवयीवर चालतो: निगेटिव्ह वायर कुठल्याही लोखंडाला टेकवायची, कारण सगळी बॉडीच निगेटिव्ह असते. ही गाडी उलटी होती. तिच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला बांधलेलं होतं. बॅटरी सीटच्या मागं झाकणाखाली, आणि म्हाळूनं झाकण उघडलंच नाही. नेहमीसारखी वायर जोडली, चावी फिरवली, आणि तापमानाच्या मीटरमधून निळसर धुराची एक रेघ निघाली.

त्यानं चावी बंद केली. डोक्यावर हात मारला. मग झाकण उघडून बॅटरी बघितली आणि तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला.

“साहेब, चूक माजी हाय. वायर उलटी लागली. एक मीटर जळलं. माज्या पदरचं नवं आणून बसवतो.”

“चालायचंच रे,” साहेब फोनवर हसले होते.

पण तो फोन ते विसरले नाहीत. असले फोन मोठी माणसं जपून ठेवतात.

म्हाळूनं नवं मीटर आणलं, वायरी नीट लावल्या. राहिलं तेलाच्या दाबाचं मीटर. त्याला वायर नसतेच. इंजिनातून तांब्याची बारीक नळी निघते आणि थेट मीटरच्या पाठीत शिरते. तेल जेवढ्या जोरानं ढकलेल तेवढा काटा वर जातो. गाडी गार होती तोवर काटा पन्नासवर उभा राहिला. गरम झाल्यावर उतरत उतरत पाचावर आला. रेस दिली तरी पंधराच्या पुढं जाईना. म्हाळूनं ट्रॅक्टरवरचं दुसरं मीटर लावून पाहिलं. तेही पाच. मीटर बरोबर होतं. इंजिनाच्या पोटातली बेअरिंगं झिजून गेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. आपल्या रोजच्या गाडीतून उतरले नाहीत, काच अर्धी खाली केली. वीरेश खाली उतरून उभा राहिला.

“काटा कमी दाखवतोय म्हणे?”

“काटा बरोबर दाखवतोय, साहेब. दाबच कमी हाय. इंजिन खोलावं लागतंय. तवर ही पळवू नका. जाम होईल.”

“शेठ रविवारी येतायत. तू काटा तेवढा वर बसव.”

म्हाळूला खरंच कळलं नाही. “म्हंजे?”

“लई भोळा बनू नको बे,” वीरेश म्हणाला. “काच काढ, काटा उपट, तीसाच्या घरात दाबून बसव. तुला काय शिकवायचं का आता?”

“अन् तेल?”

“तेलाचं काय?”

“काटा वर जाईल. तेल कसं वर जाईल? माणूस काट्याकडं बघून गाडी हाणतो, वीरेशभाऊ. हे काम माज्याकडनं होणार न्हाई.”

काच वर गेली. संध्याकाळच्या आत वीरेश लाल गाडी घेऊन गेला.

रविवारी शेठ आले. गाडी चालवून बघायला निघाले आणि बीडच्या अलीकडं, भर रस्त्यात, इंजिन करकरून थांबलं ते थांबलंच. शेठ म्हणाले, व्यवहार मोडला. साहेबांनी शब्द दिला की गाडीत खोट नव्हती, वायरमननं घोळ केला, आणि तसं तो लिहून देईल. काल वीरेश शेडवर येऊन निरोप ठेवून गेला: सही कर, आणि संस्थेच्या अठराही बसगाड्यांचं वायरिंग कायमचं तुझं. नाही केलीस, तर तुझं तू बघ.

आज सकाळी बायडाबाईनं भाकरी टोपल्यात टाकता टाकता नवऱ्याला विचारलं होतं, “अठरा बसा म्हंजे किती चाकं झाली हो?”

“चाकाचं काम माजं न्हाई.”

“तरी सांगा की.”

“एकशे आठ.”

“अन् एकशे आठ चाकांपाई एक सही होईना तुमच्यानं? हात झडतोय का सही करताना?”

“हात न्हाई झडत,” म्हाळू म्हणाला. “पर उद्या कुणी ट्रॅक्टरवाला आला अन् म्हणला, इंजिन खाणारा वायरमन तूच का? मग हे हात घिऊन मी कुठं जाऊ? कागदावर माजंच नाव, माजीच सही. दुसरं काय येतंय मला?”

 तव्यावरची भाकरी करपली तरी बायडाबाईनं उलटली नाही. मग म्हणाली, “जाताय तर चपला घालून जावा. अन् तिथं काढू नका.”

तर असा तो त्या पोर्चमध्ये उभा होता, चपलांसकट.

साहेब चिडले नाहीत. चिडायला समोरचा बरोबरीचा लागतो. ते शेठकडं वळून हसले.

“ऐकलंत, शेठ? आजकाल असं आहे. बरं म्हाळू, तू मला फोन केला होतास का नाही?”

“केलता.”

“वायर उलटी लागली म्हणालास?”

“म्हणलतो.”

“चूक माझी आहे, असंही म्हणालास?”

“व्हय.”

“मग मी खोटं कुठं बोललो? कर सही.”

शेठनी कप खाली ठेवला. “अहो, कबूल करतोय म्हटल्यावर विषयच मिटला की.”

“चूक याची नाहीच,” साहेब म्हणाले. “मेंढरं वळणाऱ्याच्या पोराच्या हातात अशी गाडी दिली, ती माझी चूक. ना शिक्षण, ना सर्टिफिकेट.”

वीरेश फिसकन हसला.

 म्हाळूचा आवाज चढला नाही. “मेंढरं वळणाऱ्याला लंगडं मेंढरू लांबून वळखू येतं, साहेब. तुमची गाडी लंगडत हुती. मी तुमाला सांगितलं. तुमी काच वर केली.” मग तो शेठकडं वळला. “शेठ, तुमी रविवारी गाडीत बसलाव, तवा इंजिन बंद हुतं का चालू?”

“चालू. यांनी आधीच गरम करून ठेवली होती.”

“अन् ह्या मीटरचा काटा?”

“पंचेचाळीसवर. म्हणून तर मी निर्धास्त पळवली.”

म्हाळूनं खिशातून पाना काढला आणि गाडीचं दार उघडून डॅशबोर्डखाली आडवा झाला.

“ए, हात लावू नको बे!” वीरेश पुढं आला.

“लावू द्या,” शेठ म्हणाले. त्यांचा हसरा चेहरा बदलला होता. “मला बघू द्या काय करतोय.”

नट सुटला. तांब्याची नळी मोकळी झाली आणि काळ्या तेलाचे दोन थेंब पांढऱ्या फरशीवर पडले. म्हाळू मीटर हातात घेऊन बाहेर आला. शर्टाला पुसून त्यानं ते टीपॉयवर, शेठच्या कपाशेजारी ठेवलं.

“उलटी वायर लावली म्हणतेत. ह्याला वायर कुठं जोडतेत ते दाखवा. उलटी नको, सुलटीच दाखवा.”

शेठनी मीटर पालथं केलं. पाठीवर नळीचं एक भोक होतं. बाकी काही नव्हतं. आतल्या दिव्याची जागासुद्धा रिकामीच होती.

“आता सुलटं करा.”

शेठनी ते सुलटं केलं. हलवून पाहिलं. बोटानं काचेवर टिचकी मारली. इंजिन जाम, नळी काढलेली, मीटर गाडीच्या बाहेर टीपॉयवर. आणि काटा शून्याऐवजी तीसवर. काचेच्या कडेला पितळी रिंगेवर स्क्रूड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते, अनाडी हाताचे.

“म्हणजे रविवारी खरा दाब पंधरा होता,” शेठ सावकाश म्हणाले. “वरचे तीस तुमचे.”

वीरेश आपल्या बुटांकडं बघत होता. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग गेटकडं पाहिलं, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, “म्हाळू, तू जा आता. शेडवर जा. आपण निवांत बोलू नंतर. बसगाड्यांचंही बघू.”

“नंतर न्हाई.”

पोर्चमध्ये तिसरी एक वेताची खुर्ची होती. म्हाळूनं ती ओढली आणि तो साहेबांसमोर बसला. मग कागद जवळ घेतला. साहेबांना क्षणभर वाटलं, हा फाडणार. त्यानं फाडला नाही. साहेबांचंच पेन उघडलं आणि टाइप केलेल्या ओळींवर, एकेका ओळीवर, सावकाश रेघा मारल्या. खाली मोठ्या, तिरक्या अक्षरांत लिहिलं: ‘तापमानाच्या मीटरची वायर मी उलटी लावली. ते मीटर जळाले. ते मी बदलून दिले.’ त्याखाली सही केली. सहीतल्या ‘ळ’ची गाठ जराही हलली नाही.

मग त्यानं कागद फिरवून साहेबांपुढं सरकवला आणि पेन त्यांच्या बाजूला टोक करून ठेवलं.

“माजी चूक मी लिवली. फोनवरबी सांगितली हुती, आता सहीनिशी सांगितली. खाली जागा सोडलीय.”

साहेबांनी पेनाला हात लावला नाही. शेठनी कुणाचीच बाजू घेतली नाही, पण ते उठूनही गेले नाहीत.

“मला घाई न्हाई,” म्हाळू म्हणाला. “शेड बंद करूनच आलोय. सांगा साहेब, काटा कुणी चढवला?”